बापूजी सुताराचं मनगट

गोंडपिपरीच्या अलीकडे चार किलोमीटरवर एक गाव आहे. तिथल्या निम्म्या घरांची दारं बापूजी सुताराने केलेली आहेत आणि उरलेल्या निम्म्या दारांना त्याने नावं ठेवलेली आहेत. वय पासष्ट, अंगाने काटक, कानावर कायम पेन्सिल. ती जेवताना निघत नाही, लग्नाला गेला तरी निघत नाही. एकदा तर आंघोळ करून आला तेव्हाही पेन्सिल कानावरच होती, असं त्याची बायको सुगंधाबाई सांगते. अर्थात नवऱ्याबद्दल ती जे सांगते त्यातलं थोडं सोडून द्यावं लागतं.

बापूजीचं तत्त्व एकच, लाकडाला लोखंड लावायचं नाही. एका तुकड्यात खाच पाडायची, दुसऱ्याला तिच्या मापाचं कुसू काढायचं, एकात एक बसवायचं, सरस लावायचा आणि वरून सागाची खुंटी ठोकायची. मग शिकंजात आवळून ठेवायचं आणि सरस पुरता वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. स्क्रू हे त्याच्या लेखी आळशी सुताराचं काम. "लाकूड सुकते आन स्क्रू ढिला होते," हे त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की गावातली पोरं त्याला पाहिलं की तेच म्हणत पळायची. सूट फक्त दाराच्या बिजागरीला होती, कारण तिथे स्क्रूवाचून उपाय नाही. तेवढे स्क्रू तो गोंडपिपरीहून आणायचा, तेही दुकानदाराला चार गोष्टी ऐकवून.

या तत्त्वापायी त्याच्या घरात पंचवीस वर्षं एक लंगडा बैल होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे तान्हा पोळा भरतो. लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मारुतीच्या देवळापुढे नेतात. बापूजीची मुलगी रीता लहान होती तेव्हा हे काम मुलग्यांचंच समजत. पाच वर्षांच्या रीताने त्यावरून दोन दिवस जेवण सोडलं आणि बापूजीने शिवणीच्या लाकडाचा बैल कोरून दिला. डौलदार वशिंड, आत वळलेली शिंगं, कुठेही खिळा नाही. बैल घेऊन देवळापुढे उभी राहणारी रीता ही गावातली पहिली मुलगी. पुढे ती नऊ वर्षांची असताना, ऐन पोळ्याच्या दिवशी बैल ओट्यावरून पडला आणि त्याचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला. एक स्क्रू मारून द्या, म्हणून रीता रडली. बापूजी म्हणाला, स्क्रू नाही, नवा पाय कोरतो. त्या वर्षी ती घरातच बसली. नवा पाय यंदा करतो, यंदा करतो म्हणता म्हणता तिचं लग्न झालं, ती कुरखेड्याला गेली, तिला मुलगी झाली. बैल माळ्यावर तीन पायांवर उभा होता.

यंदा मे महिन्यात रीताचा फोन आला. तिच्या मोनालीला पाचवं लागलं होतं आणि तिला बैल हवा होता. "नवा नाई पायजे, बाबा," रीता म्हणाली. "माहाच पायजे. चार पायांचा." बापूजीने शब्द दिला. त्याचा शब्द गावात चालतो, घरात तो पंचवीस वर्षं उधार होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शिवणीची फळी काढायला तो माळ्याकडे वळला. वर चढायला काही हवं होतं. ज्या माणसाने सगळ्या गावाला खुर्च्या, स्टुलं आणि शिड्या करून दिल्या, त्याच्या घरात हाताशी होती ती बाजारातली निळी प्लास्टिकची खुर्ची. बापूजी तिच्यावर चढला, फळीला हात घातला, खुर्चीचे पाय चार दिशांना फाकले आणि तो उजव्या तळहातावर खाली आला. सुगंधाबाई धावत आली. माणूस शुद्धीवर आहे, बोलतो आहे, याची तिने खात्री करून घेतली आणि मगच म्हणाली, "घरच्या लाकडाची अस्ती त उभी राह्यली अस्ती."

बापूजीच्या मते हात फक्त मुरगळला होता. हळद-चुना लावून, फडकं गुंडाळून तो दोन दिवस डाव्या हाताने जेवला आणि विचारलं तर डाव्या हाताचीही सवय असावी, असं सांगू लागला. एक सूत वाकडं दार ज्याला रस्त्यावरून दिसतं, त्याला स्वतःचं मनगट दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुलगा हेमराज माजरीहून सुट्टीवर आला. तो तिकडे कोळशाच्या खाणीत फिटर आहे. त्याने फडकं सोडलं. मनगटाच्या वर हात खाली दबला होता आणि पंजा वर उचलला गेला होता. हेमराजने लगेच मोटरसायकल काढली.

गोंडपिपरीत हाडाचा फोटो निघाला आणि तिथून दोघांना चंद्रपूरला पाठवलं. तिथले अतुल डॉक्टर हेमराजच्याच वयाचे. त्यांनी फोटो उजेडावर लावला तसा बापूजी उठून अगदी जवळ गेला आणि कानावरची पेन्सिल काढून हाडावरून फिरवू लागला.

"तीन तुकडे झाले," तो म्हणाला.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "आणि तडा सांध्याच्या आत गेलाय. नुसतं प्लास्टर घातलं तर तुकडे सरकतील आणि हात असाच वाकडा जुळेल. ऑपरेशन करून पट्टी बसवावी लागेल. वरून स्क्रू."

"किती?"

"सात."

बापूजी हळूच खुर्चीवर बसला. "डाक्टरसाहेब, सात स्क्रूत मी अर्धा दरवाजा लावतो. आन लाकूड सुकते त स्क्रू ढिला होते."

"हाड सुकत नाही, भाऊ. जितं आहे तोवर भरतं." डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून नमुन्याची पट्टी काढून त्याच्या डाव्या हातात दिली. बोटभर लांब, एका टोकाला पसरट, भोकांच्या आतून बारीक आटे पाडलेले. "स्क्रूचं डोकंसुद्धा या आट्यांत बसतं. पट्टी आणि स्क्रू एकजीव होतात. ढिला व्हायला जागाच नाही." बापूजीने पट्टी नखाने खरवडून पाहिली, डोळ्यापाशी धरून धार पाहिली. काम चोख होतं आणि तेच त्याला आवडलं नाही. हेमराजने तेवढ्यात घरची गोष्ट बाहेर काढली, "बाबा बिजागरीले स्क्रू मारते, डाक्टरसाहेब." डॉक्टर हसले. "मग झालं तर. मनगट म्हणजे बिजागरीच की." बापूजीने कबुलीची मान हलवली. त्याने डाव्या हाताने सही केली. ती कोणाचीही वाटली असती.

ऑपरेशनात फक्त हात बधिर केला होता. माणूस जागा. मध्ये हिरवं कापड होतं, म्हणून दिसत काही नव्हतं, पण कान मोकळे होते आणि बापूजीला तेवढं पुरे झालं. ड्रिल सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"बिट बोथट झाली," कापडाच्या अलीकडून तो म्हणाला.

पलीकडे ड्रिल थांबलं. मग डॉक्टरांनी नर्सकडे दुसरी बिट मागितली. पुढच्या भोकाचा आवाज स्वच्छ आला. "आता बरोबर," बापूजी म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "भोक किती खोल गेलं ते पाह्यता ना? नाई त स्क्रू पल्याड निंगते."

"प्रत्येक भोक मापून मारतोय, भाऊ. हा अठराचा."

"मंग ठीक आहे," म्हणून बापूजीने डोळे मिटले. सातही स्क्रू त्याने मनात मोजले. नंतर गावात तो सांगायचा की ऑपरेशन आम्ही दोघांनी मिळून केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पंजा हातात घेऊन बजावलं. पट्टी लावतात ती याचसाठी, की बोटं आजपासून हलवता यावीत. मूठ उघडायची, मिटायची, दिवसातून दहा-बारा वेळा. मनगटाला दोन आठवडे फळीचा आधार, बोटांना एक दिवसही सुट्टी नाही. कागदावर चित्रं काढलेली होती. बापूजीने सगळ्याला मान डोलावली. पण आतल्या आत त्याने ऐकलं ते वेगळंच. तुकडे जुळवले, वरून पट्टी मारली, म्हणजे सांधा ओला आहे. ओला सांधा कोण हलवतं? बारा वर्षांचा असल्यापासून त्याला बापाने शिकवलं होतं की शिकंजातल्या कामाला बोट लावणारा सुतारच नव्हे. डॉक्टर पोरगा हुशार, हात चांगला, पण वयाने कच्चा, असं ठरवून बापूजी घरी आला आणि गळ्यातल्या झोळीवरून त्याने आणखी एक दुपट्टा आवळून बांधला. चित्रांचा कागद त्याने कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. कोणी विचारलं की म्हणायचा, "करून राह्यलो."

टाके काढायला गेले तेव्हा बोटं भोपळ्याच्या देठासारखी ताठ झाली होती. कातडी चमकत होती. अतुल डॉक्टरांनी फोटो पाहिला, तो उत्तम होता. मग हात पाहिला आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "भाऊ, माझं काम जागेवर आहे. तुमचं तुम्ही केलंच नाही. असेच आणखी महिनाभर बसलात तर हाड जुळेल आणि हात जाईल." त्यांनी त्याला बाजूच्या खोलीत व्यायाम करून घेणाऱ्या साधनाबाईंकडे पाठवलं. साधनाबाईंनी एकेक बोट धरून वाकवलं आणि बापूजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरी आल्यावर सुगंधाबाईला एवढंच म्हणाला, "त्या बाईनं जोड हलवून टाकला," आणि दुपट्टा पुन्हा आवळला.

सुगंधाबाईने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या दाराशी गेली. पावसाळी हवेने ते दार फुगून चौकटीत बसलं होतं. तिने दोनदा ओढलं, निघालं नाही.

"रीताचे बाबा, हे दार काऊन बसलं जी?"

"वापरत नाईस. दार रोज उघडाव, लावाव लागते. किती खेपा सांगतलं तुले? बिजागरी गंजते, लाकूड फुगते, मंग कोनाच्या बापानं निंगत नाई."

"आन मनगट का आहे म्हने तुमचं?"

बापूजीने डावा हात दुपट्ट्यावर ठेवला.

"हेमराज सांगे मले. डाक्टरले तुमी कबूल केलं का मनगट म्हंजे बिजागरी. स्क्रू मारतवरी बिजागरी होती. आन हलवाची पाळी आली त सरस झाला का?"

एरवी बापूजीने वाद घातला असता. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याला असं कोपऱ्यात गाठलं की तो हत्यारांची पेटी उघडून बसायचा. आज पेटी उघडायला हात नव्हता.

"हलवून पाह्यलं आन नाई हललं त?" तो म्हणाला. "बांधून आहे तवरीक मले वाटते का हात आहे. सोडला, आन रंदा धरता नाई आला, त मंग मी कोन?"

म्हणजे सरस वगैरे सगळं निमित्त होतं. बापूजी घाबरला होता. पन्नास वर्षं ज्या हाताने त्याला ओळख दिली, तो गेला की नाही हे त्याला कळूच द्यायचं नव्हतं. सुगंधाबाईला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ते त्याच्या तोंडून यावं म्हणून ती थांबली होती. तिने एकही टोमणा मारला नाही. जवळ बसली, दुपट्ट्याची गाठ सोडली, झोळी काढली, त्याचा पंजा आपल्या मांडीवर घेतला आणि करंगळीपासून एकेक बोट हळू वाकवायला लागली.

"दुखते का?"

"दुखते."

"मंग हाये हात."

त्या दिवसापासून घरात नवा कारभार सुरू झाला. सकाळी कणकेचा गोळा बापूजीने मळायचा. दुपारी ओलं फडकं पिळायचं. संध्याकाळी कोमट पाण्यात हात घालून मूठ उघडायची, मिटायची. टोमणेही दुसऱ्याच दिवशी परत आले. पोळ्या जाड झाल्या की सुगंधाबाई शेजारणीला ऐकू जाईल अशी म्हणायची, "सुताराच्या हातची कनीक होय, पाट करून बसा." बापूजीने आपलं मापन आपणच सुरू केलं. भिंतीला टेकून तो मनगट वाकवायचा, जिथपर्यंत जाईल तिथे डाव्या हाताने पेन्सिलची रेघ, शेजारी तारीख. रेघ वर सरकायची कधी एक सूत, कधी अर्धं. ज्या दिवशी सरकली नाही त्या दिवशी तो भिंत वाकडी आहे म्हणायचा. महिनाभराने ती भिंत लग्नघराच्या हळदीच्या भिंतीसारखी भरून गेली आणि मूठ, करंगळी सोडली तर, बऱ्यापैकी मिटू लागली.

एक गोष्ट मात्र येईना. तळहात आकाशाकडे वळत नव्हता. साधनाबाईंनी किती प्रकार करून पाहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "घरी पेचकस असेल ना? तो हातात घ्या आणि स्क्रू फिरवल्यासारखा हात फिरवा. रोज शंभरदा." सोबत आलेली सुगंधाबाई तोंडाला पदर लावून हसली. बापूजीने पन्नास वर्षं ज्या हत्याराला पेटीच्या तळाशी ठेवलं, तेच आता औषध म्हणून नेमून दिलं होतं.

हवेत पेचकस फिरवणं त्याला दोन दिवसही जमलं नाही. रिकाम्या हाताने काम केल्यासारखं करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने सुगंधाबाईकडून बैल माळ्यावरून खाली उतरवून घेतला. ती लाकडी शिडीवरून चढली, हे सांगायला नको. पोळा दहा दिवसांवर आला होता. नवा पाय कोरायचा तर वाकस चालवावी लागणार, पटाशीवर ठोके मारावे लागणार, आणि तेवढं बळ हातात यायला दिवाळी उजाडली असती. मोडलेला पाय मात्र रीताने तेव्हा जपून ठेवलेला होता, तिच्या जुन्या पाटीच्या पिशवीत.

गोंडपिपरीच्या दुकानात बापूजीने पितळेची बारीक पट्टी आणि चार छोटे स्क्रू मागितले. दुकानदाराने चष्मा वर करून विचारलं, "कोनच्या बिजागरीले, बापूजी भाऊ?" "तू दे," बापूजी म्हणाला. त्या दिवशी दुकानदाराला काहीही ऐकून घ्यावं लागलं नाही आणि त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

एकेक स्क्रू बसवायला एकेक दिवस लागला. डाव्या हाताने पाय धरायचा, उजव्याने पेचकस. अर्धा फेरा झाला की मनगट अडायचं, मग थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा अर्धा फेरा. आधी भोक पाडलं, काडी घालून त्याची खोली पाहिली, तेव्हा त्याला अतुल डॉक्टर आठवले आणि तो स्वतःशीच "हा अठराचा" असं म्हणाला. चौथा स्क्रू बसला त्या संध्याकाळी त्याने तळहात पुढे धरून वर वळवला. पुरता नाही, पण ओंजळीत पाणी राहील इतका वळला. त्याने सुगंधाबाईला हाक मारली आणि ती आल्यावर काय सांगायचं ते विसरून नुसताच हात दाखवत राहिला. तिने लोटीतलं पाणी त्या तळहातावर ओतलं. राहिलं.

पोळ्याला रीता मोनालीला घेऊन आली. बैल ओट्यावर चार पायांवर उभा होता, शिंगांना बेगड, अंगाला पांढरा रंग. फक्त पुढच्या पायावरची पितळी पट्टी बापूजीने रंगवली नव्हती. मोनाली बैलाला मिठी मारून बसली. रीता वाकली, पट्टीवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा नऊ वर्षांच्या पोरीसारखा झाला.

"स्क्रू मारला, बाबा?"

"मारला."

"मी येवढी रडली होती तेव्हा नाई मारला."

बापूजीने शर्टाची बाही वर केली. मनगटावर आतल्या बाजूने उभा व्रण होता, अजून लालसर. तो त्याने बैलाच्या पायाजवळ नेला. "तेव्हा चुकलो, माय," तो म्हणाला. आपल्या कामाबद्दल हा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. सुगंधाबाई दारातून म्हणाली, "कॅलेंडरवर लिहून ठेव गं रीता, आजची तारीख."

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला दोरी मोनालीच्या हातात होती आणि मागून रीताच्या. चौतिसाव्या वर्षी ती राहिलेला पोळा चालत होती आणि आपण पोरीला सांभाळतो आहोत असं दाखवत होती. बापूजी दर वीस पावलांना त्यांना थांबवायचा, वाकून स्क्रूच्या डोक्यांवर अंगठा दाबून पाहायचा. चारही घट्ट होते. गावभर इतकी वर्षं सांगितलेलं खोटं ठरलं, याचं त्याला जरासं वाईटही वाटलं. "ढिला झाला का, बापूजी भाऊ?" ओट्याओट्यावरून लोक विचारत होते आणि तो मान हलवत पुढे जात होता.

देवळाच्या अलीकडे चढाव लागतो. तिथे मोनाली दमली. रीताने दोरी तिच्या हातातून सोडवली आणि बापूजीपुढे धरली. त्याने सवयीने डावा हात पुढे केला.

"उजव्यानं, बाबा," रीता म्हणाली.

बापूजीने हात बदलला. करंगळी अजून पुरती मिटत नव्हती, पण दोरी सुटली नाही, आणि तिथून मारुतीपर्यंत बैल त्यानेच ओढत नेला.